बेल आता माझ्या केबिनमध्ये

१ जानेवारी १९८८, शुक्रवार. सकाळी ७.१०

आग विझवायचा फोम पुरवणाऱ्या कंपनीने पाठवलेली डायरी. कव्हरवर बंबाचं चित्र. मी आता बंबवाला राहिलेलो नाही, हे कंपनीला कळवलं पाहिजे.

काल दिल्लीचं पत्र आलं. आजपासून मी विमानतळाचा 'फायर ऑफिसर' नाही. 'मॅनेजर (फायर सर्व्हिस)'. काम तेच, पगार तोच, असं पद्मिनी म्हणाली. बायकोला पदातला फरक कळत नाही. तिच्या माहेरी सगळे मास्तर.

या वर्षीचे संकल्प. गमबूट घालायचे नाहीत. पाइपाला हात लावायचा नाही. रोज पहाटे सुखना लेकवर पाच किलोमीटर चालायचं. ही डायरी रोज लिहायची. वर्षाच्या आत पुण्याला बदली, आणि त्यासाठी गोपनीय अहवालात 'आउटस्टँडिंग'. गेल्या वर्षी 'ॲव्हरेज' होतं, हे क्लार्ककडून कळलं. आणि शेवटचा: हाताखालच्या माणसांशी गोड बोलायचं नाही. हा आजपासूनच सुरू केला. बाकीचे सोमवारपासून.

४ जानेवारी, सोमवार

धुकं. सुखना रद्द.

इंडस्ट्रियल एरियातून पितळी पाटी करून आणली. 'श्यामकांत उपळेकर, मॅनेजर'. केबिनच्या दारावर स्वतः लावली, कारण फायरमनला सांगितलं तर तो वाकडी लावतो. वाकडीच लागली. दार वाकडं आहे.

माझ्या हाताखाली दोन बंब आणि अकरा माणसं. त्यांतला मुख्य, लीडिंग फायरमन गुरबचन सिंग. बावीस वर्षं नोकरी. काम काय, तर वॉचरूमच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचं आणि विमान टेकताना, उठताना त्याच्याकडे टक लावून बघायचं. दिवसाला पाच विमानं. पापणी हलत नाही. विचारलं की म्हणतो, साहबजी, चाक बोलतं, बघणारा पाहिजे. बावीस वर्षांत चाक काय बोललं ते सांगत नाही.

११ जानेवारी, सोमवार

आज मोठी सुधारणा केली.

टॉवरला धावपट्टीवर काही विपरीत दिसलं की ते बटण दाबतात आणि आमच्या वॉचरूममध्ये बेल वाजते. बेल वाजली की हे लोक बंब काढून सुसाट सुटतात. मॅनेजरला विचारतसुद्धा नाहीत. इतकी वर्षं हा पोरखेळ चालू होता आणि कुणाच्या लक्षात आला नव्हता.

इलेक्ट्रिशियन बोलावून बेल माझ्या केबिनमध्ये घेतली. स्थायी आदेश क्रमांक एक काढला: बेल वाजेल, मॅनेजर परिस्थितीचा विचार करील, चिठ्ठी लिहील, चिठ्ठी मिळाल्यावरच बंब हलेल. चिठ्ठ्यांचं पॅड माझ्या टेबलावर.

गुरबचनने विचारलं, आणि साहबजी चहाला गेले असले तर? म्हटलं, चहा केबिनमध्ये आणत जा.

टॉवर रोज सकाळी बेलची चाचणी घेतो. आजच्या चाचणीला बेलपासून चाक हलेपर्यंत सेहेचाळीस सेकंद लागले. पूर्वी एकोणीस लागायचे म्हणे. गुरबचनकडे स्टॉपवॉच आहे. मी त्याला समजावलं की मधले सत्तावीस सेकंद हे विचाराचे आहेत. पूर्वी विचार होत नव्हता.

२० जानेवारी, बुधवार

धावपट्टीच्या पलीकडे हवाईदलाचं स्वतःचं अग्निशमन पथक आहे. त्याचा प्रमुख वॉरंट ऑफिसर भानुदास जगदाळे, सातारचा. परमुलखात आपला माणूस भेटला की आनंद होतो, असं म्हणतात. मला झालेला नाही.

आज कुंपणापाशी भेटला. म्हणाला, काय उपळेकर, बेल केबिनात टांगली म्हणं? निजताना घरी न्हेत चला, उशाला. मी त्याला नवी व्यवस्थापन पद्धत सांगू लागलो. तो म्हणाला, आग लागल्यावर आम्हाला हाक मारा, येतो. आणि हसत गेला. त्याच्या गमबुटाला चिखल होता. या पदावर हा आयुष्यभर राहणार.

२६ जानेवारी, मंगळवार

कडक बंदोबस्त. घरापासून विमानतळापर्यंत तीन नाके. ओळखपत्रावर जुनं पद. प्रत्येक नाक्यावर नवं पद समजावून सांगितलं. तिसऱ्या नाक्यावर स्कूटरची डिकी, डबा आणि डब्यातली पोळीभाजी उघडायला लावली. शिपायाने भाजीचा वास घेतला.

सुखना सुट्टीमुळे रद्द.

१३ फेब्रुवारी, शनिवार

दिल्लीहून परत. पाच दिवसांचा कोर्स: 'विमानतळ अग्निशमन व्यवस्थापकाची बदलती भूमिका'. अप्रतिम. जेवणानंतरची व्याख्यानं मी डोळे मिटून ऐकली. त्याने मन एकाग्र होतं. शेजारच्याने दोनदा हलवलं.

सार असं. मॅनेजर आग विझवत नाही, तो शक्यता हाताळतो. आजच्या काळात आगीपेक्षा माणूस धोक्याचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य, जे वहीत दोनदा अधोरेखित केलं: धोका बाहेरून येत नाही, तो आत येऊन बसलेला असतो.

परतीच्या बसमध्ये पानिपतपासून अंबाल्यापर्यंत मी एकच विचार करत होतो. आमच्याकडे आत येऊन बसलेलं कोण आहे?

१५ फेब्रुवारी, सोमवार

बसलेला एकच माणूस आहे. खिडकीशी.

आज त्याच्यावर नजर ठेवली. विमान गेलं की तो एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत काहीतरी लिहितो. गुरुमुखीत. नंतर वही खिडकीच्या कट्ट्यावर उघडी टाकून खुशाल चहा प्यायला जातो. इतका उघडेपणा स्वच्छ माणूस करत नाही.

सरकारी लॉगबुक हिंदीत असताना पंजाबीत खासगी वही कशाला? रोज विमानांच्या वेळा टिपायची गरज कुणाला पडते? टेलिव्हिजनवर रोज अतिरेक्यांच्या गोळ्यांनी मेलेल्यांचे आकडे सांगतात आणि आम्ही गाफील. म्हणजे बाकीचे गाफील.

२२ फेब्रुवारी, सोमवार

स्थायी आदेश क्रमांक चार. वॉचरूमच्या खिडकीतली खुर्ची काढावी. खिडकीतून बघणे ही अशास्त्रीय सवय असून तीमुळे मनुष्यबळ वाया जाते.

खुर्ची स्टोअरमध्ये कुलपात. गुरबचन दुपारच्या विमानाला उभा राहून बघत होता. ड्रायव्हर बलदेव त्याच्यासाठी लाकडी खोका घेऊन आला. तोही जप्त केला.

सुखना: गुडघा.

२ मार्च, बुधवार

कर्फ्यू. दूध नाही, भाजी नाही. ड्युटी पासवर फक्त मी बाहेर, आणि मला दूध कुठे मिळतं ते ठाऊक नाही.

संध्याकाळी पाचला गुरबचन सायकलवर दारात. दोन लिटर दूध, सरसोंचं साग, वर मक्याचं पीठ. ड्युटी संपवून नाक्यानाक्यावर पास दाखवत आला. पद्मिनी त्याला भाईसाब म्हणते. तो तिला भाभीजी. उल्का त्याच्याशी चक्क पंजाबीत बोलत होती आणि दोघं हसत होते. मी मराठीत विचारलं, काय चाललंय? कार्टी हिंदीत म्हणाली, पापा, आप नहीं समझोगे. आठवीतली मुलगी.

पैशांना हात लावला नाही त्याने. म्हणजे घराचा पत्ता, दरवाजे किती, मुलगी कोणत्या शाळेत, ही सगळी माहिती दोन लिटर दुधात घेऊन गेला. पद्मिनीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मग खीर खाऊ नका.

खीर चांगली झाली होती. दोन वाट्या.

७ मार्च, सोमवार

धाडसी दिवस. गुरबचन चहाला गेल्यावर वहीचं एक पान उतरवून घेतलं. मला गुरुमुखीचं एक अक्षर वाचता येत नाही, म्हणून चित्र काढावं तशी अक्षरं काढली. अठरा ओळी. पाऊण तास. कोणी हटकलं नाही. बलदेवने फक्त विचारलं, साहबजी, दिवा लावू?

प्रत्येक ओळीत वेळ, काही मजकूर, काहींत एक आकडा. आणि तीन ओळींच्या शेवटी एकच शब्द. तोच तो. हे टोळीतल्या कुणाचं तरी टोपणनाव असणार.

घरी कागद पसरून बसलो होतो तर उल्का मागून डोकावली. म्हणाली, पापा, यह तो पंजाबी है, मैं पढ़ दूँ? शाळेत पाचवीपासून शिकवतात म्हणे. मी कागद उलटा केला. गोपनीय कागद मुलांच्या हातात देत नसतात. शिवाय तिला गणितात अकरा मार्क आहेत.

९ मार्च, बुधवार

पत्र पूर्ण. तीन पानं, स्वतः टाइप केलं. सेक्टर सतरामधल्या एका ऑफिसला. त्याचं नाव इथेही लिहीत नाही. 'सदर इसम विमानांच्या हालचालींची सांकेतिक नोंद ठेवतो, अधिकाऱ्यांच्या घरी दुधाच्या निमित्ताने जातो...' खाली सही आणि पूर्ण पद.

पेटीत टाकताना हात क्षणभर थांबला. थंडी अजून आहे.

या वर्षी हाती घेऊन तडीस नेलेलं हे पहिलं काम. संकल्पांच्या यादीत नव्हतं, पण मागाहून घालून घेतलं आणि त्यावर बरोबरची खूण केली.

१४ मार्च, सोमवार

पत्राचं काही नाही.

गुरबचनने बैसाखीची रजा मागितली. मुलीचा साखरपुडा, खरड या गावाजवळ, त्याच्या घरी. आम्हा तिघांना आग्रहाचं आमंत्रण. पद्मिनीला निरोप आधीच पोचलेला, तिने साडीही काढून ठेवली. मी अर्ज 'विचाराधीन' केला. तोवर हा माणूस कुठे असेल हे मला ठाऊक आहे आणि त्याला नाही, या विचाराने जरा विचित्र वाटलं. पित्त असावं. खिचडी खाल्ली.

१९ मार्च, शनिवार

गुरबचन केबिनमध्ये आला. म्हणाला, दुपारच्या विमानाचं डावं चाक दोन दिवस टेकताना धूर जास्त सोडतंय, ब्रेक चिकटत असणार, कंपनीच्या इंजिनियरला कळवा. म्हटलं, लेखी द्या, तीन प्रतींत, नव्या फॉर्मवर. फॉर्म अजून छापून आलेले नाहीत. आल्यावर देतो म्हणाला.

खुर्ची काढल्याचा राग असा काढतात.

२१ मार्च, सोमवार. दुपारी १२

आले. साधे कपडे घातलेले दोघे, पांढरी ॲम्बेसिडर. काम झालं.

गुरबचनने बाहेर उभ्या बंबाच्या आरशात बघून पगडी नीट केली. स्टॉपवॉच बलदेवच्या हातात दिलं. लाल वही त्या दोघांनी उचलली. जाताना माझ्यापाशी थांबला. मला वाटलं, आता काही बोलणार. तर म्हणाला, साहबजी, दुपारवाल्याचं डावं चाक. कोणाला तरी खिडकीत उभं करा.

योग्य ते करीन म्हटलं.

२२ मार्च, मंगळवार

शांतता. खिडकी मोकळी. चहा आला नाही. मागितल्यावर आला, बिनसाखरेचा. दहा माणसं माझ्याकडे बघत नाहीत आणि मी वळलो की बघतात. बदलती भूमिका सगळ्यांनाच पचत नाही.

पद्मिनीला कुठून कळलं कोण जाणे. तिने फक्त विचारलं, तुम्ही काही लिहिलं होतं का? मी पेपर वाचत होतो. ती उठून स्वयंपाकघरात गेली ती जेवायलाही आली नाही.

एक लक्षात आलं. मी दिलेल्या माहितीची पोच नाही माझ्याकडे. पोच मिळाली तर गोपनीय अहवालाला जोडता येईल. 'आउटस्टँडिंग'ला दुसरं काय लागतं? उद्या सेक्टर सतरा.

२४ मार्च, गुरुवार. सकाळ. घरी.

काल घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट राहील.

साडेअकराला निघालो. केबिनला कुलूप, किल्ली खिशात. साडेबाराला त्या ऑफिसच्या दारात झडती. माझ्या खिशांत निघालं ते असं: माझ्याच हस्ताक्षरातला गुरुमुखी कागद, त्यावर विमानांच्या वेळा. विमानतळाचा नकाशा, ज्यात इंधनाच्या टाक्या आणि बंबांच्या जागा मी लाल पेन्सिलीने दाखवल्या होत्या (आपत्ती योजना, नमुना म्हणून नेली होती). आणि एक किल्ली.

मला आत नेलं. बाहेरच्या बाकावरून आतल्या बाकावर.

इन्स्पेक्टरने विचारलं, हे कुणी लिहिलं? मी. काय लिहिलंय? माहीत नाही. वाचता येत नाही तर लिहिलं कसं? चित्र काढलं. कशाचं? मूळ तुमच्याकडेच आहे, म्हटलं. विमानतळावर काय काम करता? मी शक्यता हाताळतो, असं सांगितलं. त्याने माझे बूट काढायला लावले.

पदाचं पत्र घरी राहिलं होतं. ओळखपत्रावर 'फायर ऑफिसर', तोंडी 'मॅनेजर'. यावर एक तास गेला. मी म्हटलं, मी स्वतःच तुम्हाला तीन पानी पत्र लिहिलंय. तो म्हणाला, असे लोक आधी दुसऱ्याचंच नाव देतात.

मला घाम फुटला. लिहायला हरकत नाही, ही डायरी कुणी वाचत नाही. त्या इमारतीत आत गेलेले काही लोक बाहेर येत नाहीत, असं ऐकलेलं होतं. ते ऐकलेलं असतानाच मी पत्र टाकलं होतं, हे तिथे बाकावर बसल्यावर आठवलं. पाय गार पडले. बूट नव्हते म्हणून असेल.

पावणेचारला एका शीख हवालदाराला कागद वाचायला दिला. त्याने वाचलं: आठ दहा, विमान नीट टेकलं, बेल चाचणी, चव्वेचाळीस सेकंद. मग शेवटच्या शब्दापाशी थांबला, माझ्याकडे बघितलं आणि इन्स्पेक्टरच्या कानात काही बोलला. इन्स्पेक्टरने तोंडाला रुमाल लावला. मला कोणी काही सांगितलं नाही.

नंतर गुरबचनला आणलं. दोन दिवसांत दाढी विस्कटलेली. टेबलावर माझं पत्र होतं, माझी सही त्याच्याकडे वळलेली. त्याने पत्राकडे नवं काही दिसल्यासारखं बघितलं नाही. आधीच दाखवलेलं असणार.

इन्स्पेक्टरने विचारलं, याला ओळखतोस? हा कुणाला बातम्या पुरवू शकेल का?

गुरबचन गप्प. भिंतीवर घड्याळ होतं, बावीस सेकंद मी मोजले. एवढ्या वेळात त्याने नुसती मान हलवली असती तरी माझं संपलं होतं.

मग म्हणाला, ये हमारे साहब हैं जी. इनसे नहीं होगा. जनवरी से देख रहा हूँ, कोई काम पूरा नहीं किया. आणि पत्राकडे बघून म्हणाला, एक छोड़ के.

त्यांनी हे शब्दशः उतरवून घेतलं. त्याने सही केली. मला सोडायचं तर 'वाचून मान्य' म्हणून माझीही सही हवी, असं इन्स्पेक्टर म्हणाला. केली.

सव्वापाचला दोघंही बाहेर. गुरबचन पाय जपून टाकत होता. विचारलं नाही. रेकॉर्डवर येईल असं काही विचारू नये. स्कूटरवर मागे माणूस बसवायला सध्या बंदी आहे, नाहीतर स्टॉपपर्यंत सोडलं असतं. तसं त्याला सांगितलंही. तो वही काखेत धरून बसस्टॉपकडे गेला.

सहाला विमानतळावर पोचलो तर केबिनला दार नव्हतं.

दोन पन्नासचं विमान टेकलं, डावं चाक पेटलं. टॉवरने बटण दाबलं. बेल माझ्या कुलूपबंद केबिनमध्ये वाजत होती. दहाही माणसं हेल्मेटं चढवून दारासमोर उभी. चिठ्ठी नाही तर बंब नाही, आदेश क्रमांक एक. चिठ्ठ्यांचं पॅड आत. किल्ली सेक्टर सतरात, इन्स्पेक्टरच्या ड्रॉवरमध्ये. दीड मिनिटाने बलदेवने कुऱ्हाड घेतली. पहिला घाव पाटीवर बसला. माझं नाव शाबूत आहे, 'मॅनेजर'चे दोन तुकडे झाले.

आमचा बंब पोचला तोवर जगदाळेच्या लोकांनी आग विझवलेली. एकसष्ट प्रवासी, सगळे सुखरूप. एका म्हातारीची एक चप्पल गेली.

खिडकीत कोणी उभं नव्हतं. मी सांगायला विसरलो होतो.

२८ मार्च, सोमवार

चौकशी. मी मुद्देसूद बाजू मांडली. आग विझणे हे उद्दिष्ट, ती विझली. मॅनेजरने स्वतः विझवावी असं नव्या भूमिकेत कुठेही नाही. घटनेच्या वेळी मी सुरक्षेच्याच कामात होतो.

चौकशी अधिकाऱ्याने लाल वही पुढे ठेवली. बाजूला हिंदी भाषांतर. एकोणीस मार्चची नोंद: 'डावं चाक, जास्त धूर. साहेबांना सांगितलं. फॉर्म नाहीत.' मला विचारलं, हे खरं का? मी म्हटलं, फॉर्म आता आलेले आहेत.

बाहेर जगदाळे साक्षीसाठी बसलेला. या वेळी थट्टा केली नाही. नुसतं म्हणाला, उपळेकर, माणसं जळली असती की वो. त्यापेक्षा थट्टा बरी होती.

६ एप्रिल, बुधवार

आदेश. बेल पुन्हा वॉचरूममध्ये. पुढील निर्णयापर्यंत प्रभारी गुरबचन सिंग, मॅनेजरचे सहीचे अधिकार स्थगित. माझ्याकडे खिडकीतली नजर, रोज पाचही विमानं. पुण्याचा अर्ज नामंजूर.

क्लार्ककडून कळलं, गोपनीय अहवालाला एक जोडपत्र आहे. सेक्टर सतरामधून आलेलं. दोन ओळींचा जबाब, खाली 'वाचून मान्य' आणि माझी सही.

गुरबचन ड्युटीवर हजर. मला 'साहबजी' म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. काम सांगायचं तर बलदेवमार्फत सांगतो. मी सकाळी सत् श्री अकाल म्हटलं. तो बंबाच्या टायरमधली हवा तपासत होता, तशीच तपासत राहिला.

१३ एप्रिल, बुधवार. दुपारी २.२०. वॉचरूम.

बैसाखी. गुरबचनकडे आज साखरपुडा. परवा कार्ड आलं, 'पद्मिनी भाभीजी आणि बेटी उल्का' यांच्या नावाने. मी म्हटलं, माझं नाव राहिलं वाटतं छापायचं. पद्मिनी म्हणाली, कार्ड हाताने लिहिलेलं आहे.

दोघी सकाळच्या बसने गेल्या. मी ड्युटीवर आहेच.

लाल वही नेहमीसारखी कट्ट्यावर उघडी पडली आहे. या माणसाला अजूनही ती लपवावीशी वाटत नाही. उल्काकडून काल गुरुमुखीची बाराखडी लिहून घेतली होती. म्हणाली, पापा, अब क्यूँ? पण लिहून दिली. विमानाला वेळ होता म्हणून ती समोर धरून तो शब्द सोडवायला बसलो. तीनच अक्षरं. उ, डी, क. अर्थ लागेना. बलदेवला विचारलं. तो म्हणाला, उडीक, म्हणजे वाट पाहणं. साहेबांची.

जानेवारीपासूनची पानं उलटली. सेहेचाळीस सेकंद, उडीक. एकतीस, उडीक. चव्वेचाळीस, उडीक. तेवीस मार्चची नोंद त्याने मागाहून बलदेवला विचारून लिहिलेली आहे: चार मिनिटं, उडीक.

सहा एप्रिलपासून पुढे सगळीकडे एकोणीस. शेवटचा रकाना कोरा. आता हा शब्द का लिहीत नाही, असं मी बलदेवला विचारलं. तो इंजिन सुरू करता करता म्हणाला, आता कुणी थांबत नाही ना.

सुधारणा झाली आहे हे मान्य केलं पाहिजे. वाईट वाटलं. पित्त नव्हतं.

२.४५. दुपारचं विमान दिसायला लागलं. पाय भरून आलेत. सकाळपासून हे तिसरं, आणि खुर्ची अजून स्टोअरमध्ये कुलपात आहे. बलदेवकडे मागितली. तो म्हणाला, आदेश क्रमांक चार लागू आहे जी, रद्द करायला मॅनेजरची सही लागते.